नऊ कार्डांची यादी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, हातातली कामं बाजूला ठेवून अगत्याने आलेले प्रमुख पाहुणे, संस्थेच्या कार्यवाह, आमच्या मुख्याध्यापिकाबाई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, पालक, मागच्या दाराशी उभे राहून मला ‘आवरा’ अशी खूण करायच्या तयारीत असलेले शिपाईमामा, आणि या सगळ्यांच्या मधोमध, आपल्याविषयी चाललेलं हे कौतुक दुसऱ्याच कुणाचं असावं अशा चेहऱ्याने बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या ग्रंथपालबाई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी गणित शिकवतो. त्यामुळे माझं भाषण ऐकायला कुणी उत्सुक असेल अशा भ्रमात मी नाही. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘उपमुख्याध्यापक, सात मिनिटं’ असं लिहिलेलं आहे. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्याची हमी मी देत नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीविषयी सांगितलं, एकोणतीस वर्षांत एकही पुस्तक गहाळ झालं नाही, त्याविषयी सांगितलं. ते सगळं खरंच आहे. (एक पुस्तक गहाळ झालं होतं. ते माझ्याकडे होतं. मी ते सुट्टीत गुपचूप कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ‘आभारी आहे’ एवढंच म्हटलं.) पण शिस्त काय, पुष्कळांना असते. मला आज सांगायचं आहे ते बाईंनी एका मुलीसाठी केलेल्या एका यादीविषयी. ती यादी होत असताना मी त्याच खोलीत होतो, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादं काम बघून मी इतका थक्क झालो नाही.

आठ वर्षं झाली या गोष्टीला. आमच्याकडे शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळी शाळा ‘सभापती’ म्हणायची. अध्यक्षमहोदय, तुमच्या पदाला धक्का लावायचा हेतू नाही, पण पाचवीत असताना मैदानावरून दोन तुकड्यांची हाणामारी झाली तेव्हा या पोरीने दोन्ही तुकड्यांना भिंतीला टेकवून बसवलं, एकेकाला बोलायला लावलं, आणि शेवटी खडूने भिंतीवर वारांची वाटणी लिहिली. ती वाटणी अजून चालू आहे. त्या दिवसापासून ती सभापती.

तिची आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला. दिवसभर वाफेत, चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या मोठ्या यंत्रापुढे उभी. घरात दोघीच. इस्पितळासमोर रस्ता ओलांडायचा सिग्नल आहे. तिथला हिरवा दिवा अकरा सेकंद टिकायचा. आईची पाळी सुटेपर्यंत ही पोरगी समोरच्या कट्ट्यावर बसायची आणि घड्याळ लावून मोजायची. तीन आठवड्यांत तिने दोनशे बारा माणसं मोजली. त्यांतली चौऱ्याहत्तर माणसं, दिवा लाल झाला तेव्हा, अजून रस्त्यातच होती. कुणी काठी टेकत, कुणी पोट धरून, कुणी कडेवर मूल घेऊन. मग ती नगरपालिकेच्या सभेला गेली. तिथे नागरिकांना बोलायला तीन मिनिटं देतात. सोळा वर्षांची मुलगी बोलायला उभी राहिलेली पाहून दोनचार सदस्य हसले. तिने आकडे वाचायला सुरुवात केली तसे ते हसायचे थांबले. महिन्याभरात दिवा एकोणीस सेकंदांचा झाला. हे मला कुणी सांगितलं? तिने नाही. आमच्याच एका शिक्षिकेचे वडील त्या इस्पितळात जायचे, त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, ‘हल्ली पलीकडे पोचल्यावर धाप लागत नाही.’

तर अशी ही सभापती एके दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “सर, मला राज्यशास्त्र शिकायचंय. चांगल्या कॉलेजात. पण आमच्याकडे फीचे पैसे नाहीत. अगदीच नाहीत. कुठे अर्ज करू?”

मी खूश. दोन तासांत चौकटीच्या कागदावर दहा कॉलेजांची नावं लिहून काढली. अशी नावं, की नुसती उच्चारली तरी माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. कागद घेऊन मी ऐटीत वाचनालयात गेलो. मला वाटलं, बाई प्रत्येकाचं माहितीपत्रक काढून देतील.

बाईंनी कागद वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, “सर, ही यादी कुणासाठी आहे?”

“तिच्यासाठीच की!”

“मला ही आपल्या प्रवेशद्वारातल्या फलकासाठी वाटतेय.”

तो फलक आपण सगळ्यांनी येताना पाहिलाच असेल. माजी विद्यार्थी, आणि त्यांच्यापुढे सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव. त्याची रंगरंगोटी माझ्याकडे असते.

बाई पुढे म्हणाल्या, “या दहाही ठिकाणी वीस जणांनी अर्ज केला तर एकोणीस जणांना नकार जातो. बरोबर ना? मग तुम्हीच सांगा, दहाही ठिकाणांहून नकार यायची शक्यता किती?”

आता मला सांगा, गणिताच्या शिक्षकाला हा प्रश्न वाचनालयात विचारला जावा? मी तिथल्या तिथे कागदाच्या मागे आकडेमोड केली. ढोबळ मानाने शंभरात साठ. पोरगी हुशार आहे म्हणून थोडं कमी धरा, आणि फी माफ करा म्हणतेय म्हणून, हे मला नंतर कळलं, थोडं जास्त धरा. म्हणजे मी मोठ्या कौतुकाने त्या मुलीच्या हातात अशी यादी देत होतो, की ती बहुधा घरीच बसली असती.

“बसा,” बाई म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून पुढचे दोन महिने, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, मी वाचनालयातल्या त्या लांब टेबलाशी बसत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला बघायचं होतं.

बाईंनी जुन्या पुस्तकसूचीचा एक खण रिकामा केला. त्यातली कोरी कार्डं घेतली. एक कॉलेज, एक कार्ड. सुरुवातीला साठेक कार्डं होती. प्रत्येक कार्डावर बाई तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, पैशांची मदत मागितली तर आत जायचं दार अरुंद होतं का? काही ठिकाणी होतं, हे मला माहीतच नव्हतं. तिथे प्रवेश देताना आधी बघतात, हा फी भरणारा आहे की मागणारा. दुसरी, आत घेतल्यावर किती देतात? गरज आहे तेवढं, की निम्मं? आणि देतात ते परत न करायचं, की कर्जाला गोड नाव दिलेलं? बाई सरळ फोन लावायच्या. आवाज अगदी मऊ. “नमस्कार, मी एका शाळेची ग्रंथपाल बोलतेय. तुमच्या पत्रकात ‘साहाय्य’ हा शब्द चार वेळा आलाय. त्यातलं फेडायचं किती?” पलीकडचा माणूस अडखळायचा. बाई पेन घेऊन थांबायच्या. त्यांच्याइतकं शांतपणे थांबता येणारं माणूस मी पाहिलेलं नाही. शेवटी पलीकडून आकडा यायचाच.

आणि तिसरी गोष्ट. ही ऐकून मी खुर्चीतच मागे टेकलो. तिसऱ्या ओळीत बाई लिहायच्या, ‘भांडण’.

“भांडण म्हणजे?” मी विचारलं.

“तिथली मुलं कशावरून भांडतात ते.”

बाई प्रत्येक कॉलेजकडून विद्यार्थ्यांच्या वार्तापत्राचे मागचे वर्षभराचे अंक मागवायच्या, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. माझ्या दहांपैकी एका कॉलेजचं अख्खं वर्ष सामने, बक्षिसं आणि पाहुण्यांचे फोटो यांत गेलं होतं. बाईंनी ते कार्ड बाजूला ठेवलं. “इथे सगळे सुखी आहेत,” त्या म्हणाल्या. “सभापती दोन महिन्यांत कंटाळेल.”

मग एक कार्ड आलं, ज्याचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. लहान गाव, लहान कॉलेज. तिथल्या मुलांनी खाणावळीत काम करणाऱ्यांच्या सुट्टीवरून सलग सात अंक वाद घातला होता. आणि सातही अंकांत तिथल्या प्राचार्यांनी उत्तर लिहिलं होतं. चिडून, लांबलचक, एकदा तर दोन पानं. बाई वाचता वाचता एकट्याच हसत होत्या. “सर, बघा ना. माणूस केवढा संतापलाय! पण दर वेळी उत्तर देतोय. आणि सातव्या अंकात, बघा, सुट्टी मंजूर.” त्यांनी ते कार्ड खणात सगळ्यांत पुढे लावलं.

साठांची वीस झाली, विसांची नऊ. त्यांत दोन माझ्या मूळ यादीतली होती, कारण पैशांच्या बाबतीत ती बाकीच्या आठांपेक्षा बरी होती आणि नशीब आजमावायला हरकत नव्हती. पाच अशी, की जमलं तर जमेल. एक ते खाणावळीवालं. आणि एक आपल्याच शहरातलं, जिथे प्रवेश नक्की, बसने जाता येईल आणि आईजवळ राहता येईल. “सगळीकडून नाही आलं तरी जूनमध्ये तिच्या पाठीवर दप्तर असलं पाहिजे,” बाई म्हणाल्या.

मंडळी, इथवरची गोष्ट कष्टांची झाली. खरी अडचण पुढे आली.

पैशांची मदत मागायची तर आई आणि वडील, दोघांच्या कमाईचे कागद लागतात. सभापतीचे वडील त्याच्याही नऊ वर्षं आधी घर सोडून गेले होते. पत्ता नाही, फोन नाही. असं असेल तर आईने सविस्तर लिहून द्यायचं, आणि शाळेने सही-शिक्का करायचा. आई म्हणाली, नाही.

एका संध्याकाळी पाळी संपवून सभापतीच्या आई, आमच्या ताई, वाचनालयात आल्या. कपड्यांना वाफेचा आणि साबणाचा वास होता. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मी वर्तमानपत्रांच्या घोडीमागे होतो. निघून जावं तर त्यांच्यासमोरून जावं लागणार, म्हणून तसाच उभा राहिलो. ताई, तुम्ही आज इथे बसला आहात, त्याबद्दल तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगतोय.

“बाई, तुम्ही तिच्यासाठी खूप केलंत,” ताई म्हणाल्या. “पण माझ्या घरात काय झालं ते कागदावर मांडून मी नऊ ठिकाणच्या लोकांना वाचायला द्यायचं? मी कुणापुढे हात पसरला नाही आजवर. माझी लेक शिकेल न शिकेल, पण आमची लक्तरं कुणी चवीने वाचायची नाहीत.”

सभापती शेजारी उभी होती. दोनशे बारा माणसं मोजणारी, नगरपालिकेत बोलणारी पोर. ती आईच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

मला वाटलं, बाई आता समजावतील. शिक्षणाचं महत्त्व वगैरे. आपण सगळ्यांनी तेच केलं असतं. बाईंनी एक कोरा कागद घेतला. म्हणाल्या, “ताई, तुम्ही काही लिहू नका. तुम्ही मला सांगा. मी लिहिते आणि तुम्हाला वाचून दाखवते. जी ओळ तुम्हाला नको, ती मी खोडते. सगळ्या ओळी नको झाल्या तर कागद फाडते. मग जा घरी.”

ताई खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या. मग ताई बोलायला लागल्या. आधी तुटक, मग रागाने, भरभर. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. संपल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. अगदी सपाट आवाजात, जणू धड्यातला उतारा. त्यात शेवटी एक वाक्य होतं, ताईंचंच. ‘तो वाईट माणूस होता.’

ताई म्हणाल्या, “थांबा. हे खोडा.”

बाईंनी पेन उचललं.

“तो वाईट नव्हता. त्याला झेपलं नाही.”

बाईंनी ओळ खोडली. वर लिहिलं, ‘त्याला झेपलं नाही.’ आणि सभापतीने आईकडे पाहिलं. ते पाहणं मला वर्णन करता यायचं नाही, मी गणिताचा माणूस. एवढंच सांगतो, की नऊ वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ती आईच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या हाताने कागदावर सही केली.

बाई उठून खिडक्या लावायला गेल्या. आठही खिडक्या, एकेक करून. आधीच बंद असलेल्यासुद्धा.

निकाल लागायला वसंत उजाडला. चार नकार. दोन ठिकाणी ‘वाट पाहा’. शहरातल्या कॉलेजचा होकार. माझ्या यादीतल्या एका फार मोठ्या नावाचा होकार, पण निम्मी मदत, निम्मं कर्ज. आणि त्या खाणावळीवाल्या लहान कॉलेजचा होकार. शिकवणी, राहणं, जेवण, येण्याजाण्याचं भाडं, सगळं. फेडायचं काही नाही.

मी अर्थातच मोठ्या नावाच्या बाजूने. “कर्ज काय, सगळेच घेतात. अगं, ते नाव आयुष्यभर तुझ्यामागे चालेल!”

सभापती बाईंकडे वळली. “बाई, तुम्ही काय म्हणता?”

बाई म्हणाल्या, “तुला पुढे काय करायचंय?”

“लोकांच्या बाजूने बोलायचंय.”

“त्या कामाला सुरुवातीला पगार कमीच असतो. डोक्यावर कर्ज असलं की पहिली पाच वर्षं माणूस जो जास्त पगार देईल त्याच्या बाजूने बोलतो. बोलावंच लागतं. त्यात त्याचा दोष नसतो. आता तू ठरव.”

एवढंच. पुन्हा थांबल्या, त्या फोनवर थांबायच्या तशा. सभापतीने ठरवायला एक दिवसही घेतला नाही.

आज ती त्याच लहान गावात राहते. कष्टकऱ्यांच्या तक्रारी सोडवणाऱ्या एका छोट्या कचेरीत काम करते, आणि गेल्या वर्षी तिथल्या नगरपालिकेवर निवडून आली आहे. सदस्यांत सगळ्यांत लहान. आज ती इथे असायला हवी होती. पण आज तिथे घरपट्टीवर मतदान आहे आणि दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आहेत. तिने बाईंना फोन केला, ‘येऊ का?’ बाई म्हणाल्या, “मत वाया घालवायचं आणि माझ्यासाठी गुच्छ घेऊन यायचं? आलीस तर दारातून परत पाठवीन.” तिच्या वतीने तिच्या आई आल्या आहेत. चौथ्या रांगेत बसल्या आहेत. अजून त्याच धुलाई विभागात आहेत, आता तिथल्या प्रमुख म्हणून.

आता अध्यक्षमहोदय, आभाराकडे वळतो. संस्थेचे आभार, की त्यांनी मला बोलायची संधी दिली. पाहुण्यांचे आभार, की ते अजून जागे आहेत. आणि मग एक शेवटची गोष्ट, जी आठ वर्षं मी कुणालाही सांगितलेली नाही.

त्या नऊही अर्जांना शाळेचं शिफारसपत्र लागत होतं आणि सही माझी होती. आठ कागदांवर मी सही केली. नववा ठेवून दिला. त्या लहान कॉलेजचा. मनात म्हटलं, हे नाव फलकावर लिहून काय शोभा? एक अर्ज कमी झाला तर बिघडलं कुठे? विसरलो असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. तो कागद अकरा दिवस माझ्या टेबलाच्या ट्रेमध्ये होता आणि रोज मला दिसत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साडेतीन वाजता बाई माझ्या खोलीत आल्या. त्यांनी ट्रेमधून तो कागद स्वतः काढला, माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं. मी सही केली. चार वाजता तो कागद गेला.

निवड झाल्यावर सभापतीने मला पत्र लिहिलं. ‘सर, तुमच्या शिफारसपत्रामुळे.’ ते पत्र मी काचेखाली लावलं. बाई रोज माझ्या खोलीत यायच्या, रोज त्यांना ते दिसायचं. आठ वर्षांत त्यांनी ना मुलीला सांगितलं, ना तिच्या आईला, ना मला एकदाही आठवण करून दिली. मोठेपण म्हणजे काय, हे मी पुष्कळदा फळ्यासमोर उभं राहून मुलांना सांगितलंय. ते मला स्वतःला कळलं ते त्या काचेखालच्या पत्रामुळे.

बाई, मान हलवू नका. इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिलात, आज मला बोलू द्या.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते सभागृह उदारपणे पोटात घालेल याची मला खात्री आहे. त्या अकरा दिवसांबद्दल मात्र मी सभागृहाची क्षमा मागत नाही. ती मी चौथ्या रांगेतल्या ताईंची मागतो. सभापतीला मी आज सकाळी पत्र टाकलंय, त्यात हे सगळं लिहिलंय.

आणि ग्रंथपालबाई, तुमची.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. नमस्कार.